लावा कोणाचा, पिंजरा कोणाचा?

सोयाबीनचे भाव कोसळले की कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंद्याचा मंत्र दिला जातो. शेळी, कोंबडी आणि आता बटेर. अल्प भांडवल, अल्प जागा, झटपट उत्पन्न, असे बटेरपालनाचे वर्णन केले जाते आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न केवळ जोडधंद्याचा नाही. लावा आणि तितर या माळरानावरील पाखरांना इतर कोणाहीपेक्षा अधिक ओळखणारा एक समाज या भागात पिढ्यानपिढ्या राहतो आणि नेमका तोच समाज या नव्या धंद्याच्या दाराबाहेर उभा आहे. तो समाज म्हणजे फासेपारधी.

इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली, त्यांत पारध्यांचीही गणना झाली. हा कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन करावयाची लहानसहान शिकारही बंद झाली. कायद्याच्या व्याख्येत फासे लावणे आणि पाखरांची अंडी उचलणे हीदेखील शिकारच आहे. अशा रीतीने एका समाजाची उपजीविका लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी गुन्हा ठरली. तिच्या जागी दुसरे काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

याचा अर्थ शिकार पुन्हा मोकळी करावी असा नव्हे. माळरानावरील पाखरांना संरक्षण हवेच आणि कोणत्याही जबाबदार कार्यकर्त्याने याविषयी संदिग्ध बोलू नये. पण माळरान एकट्या फाशाने आटले काय? ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणे झाली, गवताचे माळ नांगराखाली गेले, सलग सोयाबीनवर औषधांच्या फवारण्या सुरू झाल्या. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, कारंजा–सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या परिसरातून गेला. या सगळ्याला विकास म्हटले गेले. गुन्हेगार म्हणून बोट दाखविण्यास मात्र पारधी तेवढा सोयीचा होता.

आता पाळीव बटेराकडे पाहू. हे पाखरू आपल्या माळावरचे नव्हे. जपानी बटेर १९७४ साली बाहेरून आणून उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या सरकारी संशोधन केंद्रात वाढविण्यात आले. पिल्लू अंड्यातून सतरा-अठरा दिवसांत बाहेर येते. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. केंद्र सरकारने २०११ मध्ये या पालनाच्या नव्या परवान्यांना मनाई केली होती; पुढे हे पाखरू वन्य नव्हे हे मान्य होऊन ती उठविण्यात आली. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. पण त्याचा सामाजिक परिणाम पाहा. ज्याच्याजवळ भांडवल आहे तो दहा हजार बटेर पिंजऱ्यात ठेवून उद्योजक म्हणविला जातो. पारध्याने मात्र पाळलेली दहा बटेरे बाजारात नेली, तर ती रानातली नाहीत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर! पावती त्याला कोण देणार, आणि दिलीच तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

पारध्याला पालन जमणार नाही, तो हिंडणारा माणूस, असा आक्षेप घेतला जातो. तो अज्ञानातून येतो. रानातल्या तितराला साद घालून बोलाविण्यासाठी तितर घरी पाळून शिकविणे, तसेच गायीबैलाला शिकवून त्याच्या आडोशाने पाखरापर्यंत पोहोचणे, हे त्यांचे परंपरागत कौशल्य आहे. अशा माणसाला पालन शिकविण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी त्याच्याकडून थोडे शिकावे.

तर मग अडते कोठे? अडते ते साधनांच्या मालकीपाशी. पाळीव बटेर स्वतः अंडी उबवीत नाही. ती उपजत वृत्ती बहुतांशी नष्ट झाली आहे. त्यामुळे उबवण यंत्र हवे आणि यंत्राला अखंड वीज हवी. पिल्लू जन्मतः जेमतेम सात-आठ ग्रॅमचे. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकले नाहीत तर ते त्यात बुडून मरते आणि पहिले काही दिवस ऊब कमी पडली तर थंडीने मरते. म्हणजे ज्या बेड्यावर विजेची जोडणी नाही, तेथे हा गृहोद्योग पहिल्याच रात्री संपतो. सरकारी योजना म्हणावी, तर राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून कुक्कुटपालनाच्या प्रकल्पांना पन्नास टक्के, कमाल पंचवीस लाख रुपये भांडवली अनुदान आहे. पण उरलेली रक्कम स्वतःची किंवा बँकेची आणि जमीन मालकीची किंवा भाडेपट्ट्याची हवी. ज्याच्या नावावर झोपडीखालची जागाही नाही, त्याच्यासाठी पंचवीस लाखांचा आकडा ही थट्टाच होय.

खाद्याचा प्रश्न तर अधिक बोलका आहे. बटेराच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षाही अधिक प्रथिने लागतात आणि ती मुख्यतः सोयापेंडीतून मिळतात. सोयाबीन पिकते वाशीमच्या शिवारात. शेतकरी ते पडेल भावाने विकतो आणि तीच पेंड पोत्यात भरून, कंपनीच्या भावाने, पाखरे पाळणाऱ्याच्या दारी परत येते. ब्रॉयलर कोंबडीच्या करारात पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, बाजार कंपनीचा. शेड, वीज आणि रात्रीची जागरणे तेवढी शेतकऱ्याची. बटेरपालन याच वाटेने गेले तर घर हे घर राहणार नाही, ते मजुरी न देणारा कारखाना होईल. रोग आला म्हणजे काय होते तेही महाराष्ट्राने २००६ साली नवापूरला पाहिले आहे. बर्ड फ्लूने लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि लहान पालक उघड्यावर आला.

म्हणून मागणी अनुदानाच्या अर्जापुरती राहता कामा नये. प्रत्येक तालुक्यात सरकारी उबवण केंद्र हवे आणि त्यातून बेड्यावरील कुटुंबांना ऊब धरलेली, काही दिवसांची पिल्ले मिळावीत. सोयाबीन उत्पादक आणि पाखरे पाळणारे यांच्या संयुक्त सहकारी संस्थेचा खाद्य कारखाना जिल्ह्यातच उभा राहावा. पाळीव पाखरांची नोंद पशुसंवर्धन खात्याने बेड्यावर येऊन करावी, म्हणजे बाजारात पारध्याला कोणी अडविणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला असला तरी चराईचा, वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा आणि जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तो बजावून घ्यावा. रानातला लावा कोठे घरटे करतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या गवताची राखण रास्त वेतनावर का देऊ नये? राजर्षी शाहूंनी फासेपारध्यांना संस्थानच्या सेवेत घेतले, तेव्हा त्यांनी उपकार केला नाही, माणसाची पारख केली.

चळवळीनेही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले, शेतमजुरांचे निघाले. त्यांत बेड्यावरची माणसे किती होती? सोयाबीनच्या भावाची लढाई आणि पारध्याच्या पिंजऱ्याची लढाई एकाच पेंडीच्या पोत्यात बांधलेली आहे. ती वेगवेगळी लढली तर दोन्ही हरतील. ती एकत्र लढविण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे आणि त्याची सुरुवात तालुक्याच्या कचेरीत नव्हे, गावाबाहेरच्या बेड्यावर व्हावयास हवी.