वेळासचे अभयदान

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. आता मुंबई-पुण्याची मंडळी तेथे जातात ती कासवांसाठी. पूर्वी या किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी पडत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम आरंभले. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांच्या निवास-भोजनातून घरोघरी चार पैसे येतात. जीवदयेतून संसाराला हातभार लागतो, हे व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहे.

आपल्या समाजात अभयदान पुष्कळदा पावतीपाशी संपते. वेळासला ते पहाटेच्या अंधारात सुरू होते. किनारा धुंडाळायचा, घरटे शोधायचे, अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची आणि सुमारे 50 दिवस राखण करायची. या कष्टांचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

छायाचित्रे निघतात ती पिल्ले सोडताना. पिल्लू समुद्राची वाट उजेडावरून ओळखते; तिन्हीसांजेला मोबाईलचा झोत पडला, तर ते भरकटते. चातुर्मासात मुंगीलाही जपणाऱ्या घरातील मुलांनी तरी तेथे मोबाईल खिशातच ठेवावा. आणि पिल्लू दिसलेच नाही तर? चित्रपटाच्या खेळासारखी ही अंडी ठरल्या वेळी फुटत नाहीत. तेव्हा यजमानाशी हुज्जत घालू नये. पैसे दिले होते ते जेवणाचे आणि अंथरुणाचे.