न्यूमोनियाचा रुग्ण घरी आला, पण फेरतपासणीचं काय? चौक परिसरातलं गणित

खालापूर तालुक्यातल्या चौकमध्ये कुणाला न्यूमोनियाने धाप लागली आणि तब्येत जास्तच बिघडली, तर गाडी सहसा पनवेल-नवी मुंबईकडे धावते. काही दिवसांनी रुग्ण घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख असते. तो त्या तारखेला गेला नाही, तर विचारणार कोण?

विषाणूमुळे झालेल्या न्यूमोनियात ताप उतरला तरी फुप्फुसं पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणूनच कोविडकाळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये पहिली फेरतपासणी ७ दिवसांच्या आत, प्रत्यक्ष किंवा फोनवर, करायला सांगितली होती. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने १२ आठवड्यांनी छातीचा एक्स-रे सुचवला. तोवर बहुतेकांची छाती साफ होते. ज्यांची होत नाही, त्यांच्या फुप्फुसात व्रण राहिलेत का, हे पाहावं लागतं.

आता हे १२ आठवडे इथल्या कॅलेंडरवर मांडून बघा. ऑगस्टमध्ये आजारी पडलेल्याचा एक्स-रे येतो नोव्हेंबरात. नेमकं दिवाळीनंतर कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे तपासणीच्या वेळी रुग्ण धूळ-धुरात काम करत असतो. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. अशा कुटुंबांची तपासणी निघण्याआधीच उरकायला हवी.

पहिली चाळणी लावायला तज्ज्ञ लागत नाही. कोविडमध्ये राज्यभर सांगितली गेलेली ६ मिनिटं चालण्याची चाचणी आशाताईंसमोर अंगणातही होते. ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला किंवा ३ पेक्षा जास्त अंकांनी घसरला, तर डॉक्टर गाठायचा. (बसल्या जागीच धाप लागत असेल, तर चाचणी नकोच, थेट दवाखाना.) पुढे चौकचं ग्रामीण रुग्णालय, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय आणि ई-संजीवनीवर तज्ज्ञांचा सल्ला आहे.

अडतं ते यादीवर. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर होते, त्यामुळे गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला तो माहीत असतो. न्यूमोनियातून उठलेल्यासाठी तशी सोय नाही. शहरातल्या रुग्णालयाने डिस्चार्जच्या दिवशी गावच्या आरोग्य केंद्राला एक फोन केला आणि तिथल्या वहीत नाव, मोबाईल नंबर, कामाला कुठे जाणार एवढं लिहिलं गेलं, तरी सुरुवात होईल.