ऐंशी दिवसांची हजेरी

या सदरात एरवी खता-बियाण्यांची आणि रोगकिडींची चर्चा असते. आजचा विषय निराळा वाटेल, पण तोही घरच्या मिळकतीचाच आहे. आपल्या लेकी-सुना आता द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये, सूतगिरणीत, दूध डेअरीत, तालुक्याच्या दुकानांत कामाला जातात. शिवारफेरीत पिकाचे बोलणे संपले, चहा आला, की एखादी सासूबाई हळूच विचारते, "साहेब, सून चार महिन्यांमागं कामाला लागली. आता तिला दिवस गेलेत. मुकादम म्हणतो, वर्ष भरल्याबिगर बाळंतपणाची रजा नाही. मग राजीनामा देऊ दे का तिला?"

मुळीच देऊ नका! वर्ष भरण्याची अट कायद्यात कुठेही नाही. अट आहे ८० दिवसांच्या कामाची. डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली असेल, तिच्या मागचे बारा महिने धरायचे आणि त्यात त्या ठिकाणी ८० दिवस काम भरले की हक्क लागू झाला. नोकरी कायम झाली की नाही, हा प्रश्न येत नाही. कामाला लागताना ती गरोदर होती, एवढ्यावरूनही हक्क जात नाही.

मूळ कायदा १९६१ सालचा. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण ८० दिवस आणि २६ आठवडे तसेच आहेत. कारखान्यांना आणि दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या दुकानांना, आस्थापनांना तो लागू आहे. दोन मुले हयात असतील तर पुढच्या खेपेस रजा १२ आठवड्यांचीच मिळते.

आता हिशेब करून पाहू. समजा, सून १ जूनला कामाला लागली आणि बाळंतपणाची तारीख २० डिसेंबर आहे. तारखेपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते, म्हणजे ती २५ ऑक्टोबरपासून घरी राहू शकते. तोवर आठवड्याला सहा दिवसांप्रमाणे सव्वाशेच्या आसपास हजेऱ्या होतात. ८० कधीच मागे पडले!

आणि पैसे? रजेआधीच्या तीन महिन्यांत रोजची सरासरी जी मजुरी पडली, ती रजेतल्या प्रत्येक दिवसाला मिळते. रोज ४०० रुपये असेल तर २६ आठवड्यांचे १८२ दिवस, म्हणजे ७२,८०० रुपये. काही ठिकाणी रविवार वगळून १५६ दिवसांचेच ६२,४०० हातावर ठेवतात. ते चूक आहे. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच एका मळ्यातील मजूर बाईच्या प्रकरणात दिला आहे. दहा हजार चारशे रुपये ही सोडून देण्याजोगी रक्कम नव्हे. ठिबकच्या अनुदानासाठी आपण किती हेलपाटे घालतो, ते आठवा.

रोजंदारीवरची आहे म्हणून मिळत नाही, हेही खोटे. मस्टरवर रोजंदारीने काम करणाऱ्या स्त्रियांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात सांगितले. ठेकेदारामार्फत लावलेली बाईही कायद्यात येते. मात्र ठेकेदाराकडे कागद धड नसतात, म्हणून आपला कागद आपण राखावा. सातबारा जसा जपता, तशी नेमणुकीची चिठ्ठी आणि पगाराच्या पावत्या जपा. रोजची हजेरी घरच्या वहीत लिहा. बँकेत पगार जमा होत असेल तर पासबुक भरून घ्या.

रजेची सूचना तोंडी देऊ नका. कोणत्या तारखेपासून रजा हवी आणि आपल्या माघारी पैसे कोणाच्या हाती द्यावेत, हे कागदावर लिहून द्या आणि नकलेवर पोच घ्या. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. बाळंतपणापूर्वीच्या रजेचे पैसे आगाऊ द्यायचे असतात, उरलेले जन्माचा दाखला दिल्यावर ४८ तासांत. बाळंतपणाआधी सूचना द्यायची राहून गेली असेल तर नंतर लवकरात लवकर द्यावी. तेवढ्याने हक्क बुडत नाही. मालकाने दवाखान्याची मोफत सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वेगळे मिळतात.

पगारातून राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर पैसे मालक नव्हे, विमा महामंडळ देते. तिथे अट आधीच्या लागोपाठ दोन वर्गणी-कालखंडांत ७० दिवसांच्या वर्गणीची आहे. नव्याने लागलेल्या मुलीने विमा शाखेत आधीच चौकशी करावी.

गरोदर आहे म्हणून किंवा रजेवर आहे म्हणून कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. हे ठाऊक असल्यामुळेच "तूच राजीनामा दे, पुढं बघू" असे गोड बोलले जाते, आणि घरची वडील माणसेही संकोचापायी मान डोलावतात. एकदा सही झाली की भांडायला जागा फार थोडी उरते. सासूबाईंनीच इथे ठाम राहावे. सून सांगायला लाजेल, तुम्ही लाजू नका.

घरच्या शेतात राबणारीला किंवा दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारीला हा कायदा पोचत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. योजनेच्या अटींत बसल्यास पहिल्या अपत्याला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी अंगणवाडीताईंकडे नाव नोंदवावे.

मालक ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या. वकिलाच्या खर्चाने बिचकू नका. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते आणि तिथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. जाताना हजेरीची वही तेवढी बरोबर न्या.