अभिजात दर्जा मिळाला, अभ्यासाचे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात स्वाभाविकच आनंद व्यक्त झाला. रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालापासून ही प्रतीक्षा चालू होती. त्याच निर्णयाने पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही हा दर्जा मिळाला. परंतु हा तपशील जल्लोषात काहीसा मागे पडला. वास्तविक मराठीच्या दृष्टीने तो तेवढाच महत्त्वाचा आहे. संस्कृतला हा दर्जा २००५ मध्येच मिळालेला होता. आता संस्कृत, प्राकृत, पाली आणि मराठी अशा मराठी माणसाच्या वारशातील चार भाषा अभिजात ठरल्या आहेत. दर्जा दिल्लीत मिळतो, त्याचा अर्थ मात्र गावच्या शाळेतील वर्गात ठरतो. या चारही भाषांतील जुने ग्रंथ वाचू शकणारा विद्यार्थी आणि ते शिकवू शकणारा शिक्षक पुढच्या पिढीत असेल काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांपेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातील कबनूरसारख्या गावाच्या संदर्भात करणे अधिक उद्बोधक ठरेल. हातकणंगले तालुक्यातील कबनूर इचलकरंजीला अगदी लागून आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे या साऱ्या परिसराचे जीवनच मागाच्या खडखडाटाशी जोडले गेले. येथील अनेक मुलांचे आईवडील मागावर, कांडी भरण्याच्या कामावर किंवा सायझिंगमध्ये राबतात. अशा घरातील मुलाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाषेचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. रोजगाराची खात्री नसलेल्या पालकाला मुलाच्या शिक्षणातील प्रत्येक तासाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

सूत, सुत्त आणि सूत्र

या प्रश्नाचे एक उत्तर मागावरच सापडते. कबनूरचा मुलगा ज्याला ‘सूत’ म्हणतो तो शब्द प्राकृतातील ‘सुत्त’ या रूपातून आला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘सूत्र’ या शब्दात आहे. ज्या नियमाने ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि मग ‘सात’ झाले, ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि मग ‘हात’ झाला, तोच हा नियम. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. पाणिनीच्या व्याकरणातील नेमके, आटोपशीर विधान म्हणजे सूत्र; बुद्धाच्या उपदेशांना पालीत सुत्त म्हणतात; जैन आगमग्रंथांनाही हेच नाव लाभले. ‘तंत्र’ या शब्दाचा तर मूळ अर्थच माग किंवा मागावर ताणलेले उभे सूत असा आहे. ताणण्याचा अर्थ असलेल्या ज्या ‘तन्’ धातूपासून तो सिद्ध झाला, त्याच्याशीच मागावरच्या ‘ताण्या’चे नाते आहे. आज तंत्रशिक्षण आणि तंत्रज्ञान हे शब्द उच्चारताना आपण विणकराच्या घरातील शब्द उच्चारत आहोत, याची जाणीव कोणाला नसते.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. आपल्या घरातील बोली ही अशुद्ध किंवा गावंढळ नसून एका दीर्घ आणि नियमबद्ध परंपरेचे फळ आहे, हे ज्या मुलाला वर्गात समजते, त्याचा स्वतःकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. अभिजात शिक्षणाचे पहिले मूल्य येथे आहे. दुसरे मूल्य सावकाश वाचनाचे. जुने वाक्य एका दृष्टिक्षेपात कळत नाही. संधी सोडवावा लागतो, समासाचा विग्रह करावा लागतो, विभक्ती पाहून कर्ता-कर्म शोधावे लागते. एकाहून अधिक अर्थ संभवत असतील तर त्यांतील एक का निवडला याचे कारण द्यावे लागते. हातातील पडद्यावर मजकुराचा अखंड ओघ वाहत असताना आणि प्रश्न टाकताच यंत्र तयार उत्तर देत असताना, मजकुरासमोर थांबण्याची ही सवय पूर्वी कधी नव्हती एवढी आवश्यक झाली आहे.

दक्षिण महाराष्ट्राची परंपरा

अभिजात विद्या या परिसराला परकी नाही. वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) हे मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातील कागद वाचले, निवडले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडाखंडाने प्रसिद्ध केले. इचलकरंजी संस्थानचा इतिहासही त्यांनीच लिहिला. मराठ्यांच्या इतिहासाचा उत्तरकाल अभ्यासणाऱ्याला आजही त्यांच्या या संग्रहाकडे वळावे लागते. जुना मजकूर नेमका वाचण्याची जी शिस्त ते वर्गात देत होते, तीच त्यांच्या संशोधनाला उपयोगी पडली. शिक्षक स्वतः अभ्यासक असला म्हणजे काय घडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे. १९०६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या सीमाभागातील गावी त्यांचा जन्म झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविली. अध्यापन चालू असतानाच त्यांनी कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’ची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध केली. उद्योतनसूरीची ‘कुवलयमाला’ही त्यांनीच संपादित केली. इसवी सन ७७९ मध्ये पूर्ण झालेल्या या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या व्यापाऱ्यांचे वर्णन असून त्यांत मराठी व्यापारी आणि त्यांची बोलीही येते. मराठीचे प्राचीनत्व सांगताना हा उल्लेख हमखास पुढे केला जातो. तो नेमक्या पाठासह आपल्यापर्यंत पोहोचला, यामागे कोल्हापुरातील एका प्राध्यापकाचे वर्षानुवर्षांचे परिश्रम आहेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. अभिजात भाषांचा अभ्यास हा महानगरांचा किंवा मोठ्या संशोधन संस्थांचा मक्ता नव्हता. शिक्षकाला स्थैर्य, ग्रंथ आणि थोडी उसंत मिळाली, की मिरज-कोल्हापूरसारख्या ठिकाणीही उच्च दर्जाचे काम उभे राहत होते.

दरवाजे कोणासाठी?

या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शतकानुशतके अभिजात विद्येचे दरवाजे बहुसंख्य समाजासाठी बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती संधी नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत आत्मसात केली, पालीचा व्यासंग केला; त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि शब्दकोश त्यांच्या समग्र लेखनात प्रसिद्ध झाले आहेत. कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणाचा दाहक अनुभव घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याचबरोबर बहुजन मुलांसाठी वैदिक शिक्षणाचीही सोय केली. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पालीच्या शोधात श्रीलंकेपर्यंत मजल मारली आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती भाषा शिकविली.

या तिघांचा मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे. जुनी विद्या विषमतेशी जोडली गेली आहे म्हणून ती टाकून द्या, असे त्यांनी म्हटले नाही. ती ताब्यात घेतली, तपासली आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार मिळविला. जो मूळ ग्रंथ वाचू शकत नाही, त्याला त्या ग्रंथाच्या नावाने कोणी काहीही सांगू शकतो. परंपरेचे गोडवे गाणारे आणि परंपरेवर टीका करणारे असे दोघेही आज बहुधा ऐकीव माहितीवर बोलतात. अशा काळात मूळ वाचता येणे हे लोकशाहीतील नागरिकाचे सामर्थ्य ठरते. म्हणूनच अभिजात शिक्षणाची सर्वाधिक गरज, ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ते नाकारले गेले त्यांच्या नातवंडांना आहे.

गुणांचा विषय

प्रत्यक्ष शाळेतील चित्र या अपेक्षेपासून बरेच दूर आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत संस्कृत शंभर गुणांची ‘संपूर्ण’ किंवा पन्नास गुणांची ‘संयुक्त’ घेता येते. पाली आणि अर्धमागधी यांचेही पर्याय आहेत. तथापि संस्कृतची निवड बहुतेक वेळा टक्केवारी वाढविण्यासाठी होते. ठरावीक रूपे, ठरावीक भाषांतरे आणि ठरावीक उत्तरे पाठ केली की गुण मिळतात. दहावीचा निकाल लागताच पुस्तक रद्दीत जाते. तीन वर्षे भाषा शिकूनही न पाहिलेला एक सोपा उतारा वाचण्याची हिंमत विद्यार्थ्याला होत नाही. यात दोष मुलांचा नाही. जे विचारले जाते तेच ती शिकतात.

पाली-अर्धमागधीची अडचण वेगळी आहे. संचमान्यतेत शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. विद्यार्थी थोडे म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, अशा चक्रात हे विषय सापडले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संस्कृतबरोबर पाली, प्राकृत, फारसी यांचाही पुरस्कार केलेला आहे; परंतु धोरणातील पर्याय वेळापत्रकात उतरण्यासाठी वर्गात माणूस उभा असावा लागतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यात मोठा वाद झाला आणि २९ जून रोजी त्यासंबंधीचे शासन निर्णय मागे घेण्यात आले. त्या सगळ्या चर्चेत भाषा किती आणि कोणत्या, यावर भरपूर बोलले गेले. त्या भाषांतून मुले वाचणार काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

येथे इंग्लंडचा अनुभव उपयुक्त आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी १९६०च्या सुमारास प्रवेशासाठीची लॅटिनची सक्ती काढून टाकली, तेव्हा शाळांतील लॅटिन संपणार अशी भीती व्यक्त झाली. त्या संकटातून शिक्षकांनी अध्यापनाची पद्धतच बदलली. १९७० पासून प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज लॅटिन अभ्यासक्रमात रूपावलींच्या तक्त्यांऐवजी पहिल्या पानापासून गोष्ट वाचायला दिली जाते आणि व्याकरण वाचनाच्या ओघात येते. सक्ती गेल्यावर रस निर्माण करणे भाग पडले आणि त्यातून भाषा टिकली.

काय करता येईल?

महाराष्ट्रात यापेक्षा सोपी सुरुवात शक्य आहे, कारण येथे विद्यार्थ्याची मातृभाषाच अभिजात ठरली आहे. लीळाचरित्रातील एखादी लीळा किंवा ज्ञानेश्वरीतील काही ओव्या सोप्या शब्दार्थांसह मराठीच्या तासालाच सावकाश वाचता येतील. गाथासप्तशतीत शेतकरी, वाटसरू आणि गावातील स्त्रिया यांचे जे जिवंत जग आहे, ते मराठी अनुवादासह मुलांपुढे ठेवता येईल. प्रश्नपत्रिकेत अपरिचित उताऱ्याला मानाचे स्थान दिल्यास पाठांतराचा जोर आपोआप कमी होईल. प्रत्येक शाळेत अर्धमागधी किंवा पालीचा शिक्षक देणे शक्य नसेल, तर इचलकरंजी, कबनूर आणि परिसरातील शाळांच्या समूहासाठी एक शिक्षक नेमता येईल.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो शिक्षकांचा विचार. अशैक्षणिक कामे, अहवाल आणि ऑनलाइन नोंदी यांत दिवस घालविणाऱ्या शिक्षकाकडून वासुदेवशास्त्र्यांच्या व्यासंगाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याला अभ्यासरजा, चांगले ग्रंथालय आणि विद्यापीठाशी चालू संपर्क मिळाला पाहिजे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि रिद्धपूर येथील मराठी भाषा विद्यापीठ यांनी शालेय शिक्षकांसाठी दीर्घ मुदतीचे वाचनवर्ग चालविले, तर अभिजात दर्जाचा लाभ परिसंवादांपुरता मर्यादित राहणार नाही. अभिजात ग्रंथ दरवर्षी नव्याने वाचता येतो. शिक्षकाला यंत्रवत पाठ उरकण्यापासून वाचविणारे त्याहून चांगले साधन नाही.

अभिजात दर्जाबरोबर निधी येईल, अध्यासने होतील, पुरस्कारही दिले जातील. या सर्वांचे स्वागतच आहे. परंतु त्या निर्णयाची कसोटी दिल्लीत किंवा मुंबईत लागणार नाही. कबनूरच्या एखाद्या वर्गात यंत्रमाग कामगाराची मुलगी सातशे वर्षांपूर्वीचे मराठी वाक्य समोर ठेवून त्याचा अर्थ स्वतः लावील आणि शिक्षकाने सांगितलेला अर्थ मान्य नसल्यास कारण देऊन तसे म्हणेल, तेव्हाच मराठीला मिळालेला हा दर्जा सार्थ ठरेल.