पाळी ‘आणली’ म्हणजे उपचार झाला असे नाही



“दोन महिने झाले जी, सुनेची पाळी नाही आली. पाळी यायची गोळी लिहून द्या.” हिंगण्याच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य वरचेवर कानावर पडते. सोबत सून असते, खाली बघत बसलेली. लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली असतात. नवरा बहुधा आलेला नसतो, एमआयडीसीत ड्युटीवर असतो.

मी ती गोळी लगेच लिहून देत नाही. काही जण नाराज होऊन तीच गोळी मेडिकलमधून घेतात, हेही मला माहीत आहे. म्हणून आज कारण सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, लघवीची गर्भचाचणी. जिची पाळी कधी ३५ दिवसांनी, कधी ७० दिवसांनी येते तिला ‘पाळी चुकली’ हे कळणार कसे? दिवस गेलेले असतात आणि घरात पाळी आणायची गोळी सुरू असते, असे होऊ शकते. त्यामुळे चाचणी आधी, बाकी सगळे नंतर.

आता गोळी करते काय ते पाहू. पाच-दहा दिवस ही गोळी घेतली आणि थांबवली, की गर्भाशयाचे आतले अस्तर गळून पडते आणि रक्तस्राव होतो. दिसायला ती पाळीच. पण मूल राहण्यासाठी रक्तस्राव पुरत नाही, त्याआधी अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडावे लागते. ते पडले नसेल, तर गोळीने दर महिन्याला रक्त येत राहील आणि घरचे म्हणतील, पाळी तर आता नियमित झाली, मग मूल का होत नाही?

याहून वाईट वाटते ते २१ गोळ्यांच्या पाकिटाचे. मूल हवे म्हणून धडपडणारी एक बाई ‘पाळी नियमित करायच्या गोळ्या’ म्हणून सहा महिने ते पाकीट घेत होती. त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या. तिला हे कुणी सांगितलेच नव्हते. गोळी वाईट नाही, मूल नको असताना पीसीओएसच्या मुलींना आम्हीही ती देतो. पण मूल हवे असताना ती सहा महिने घेणे म्हणजे ते सहा महिने वाया घालवणे.

पाळी आणायची गोळीही विष नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर अस्तर जाड होत जाते आणि ते चांगले नसते. तेव्हा गोळी देऊन ते काढावे लागते. माझा आक्षेप आहे तो कारण न शोधता गोळी देण्याला.

पाळी २१ ते ३५ दिवसांत येत असेल तर ती साधारण नियमितच समजा. २८ हा नुसता सरासरी आकडा आहे. स्त्रीबीज बाहेर पडते ते *पुढच्या* पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. म्हणजे ४० दिवसांचे चक्र असेल तर साधारण २६व्या दिवशी. चौदावा दिवस धरून बसलेली जोडपी इथेच चुकतात. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. पाळीचा हिशेबच लागत नसेल तर तारखा मोजू नका, दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवा, एवढे पुरे.

अनियमित पाळीमागे सगळ्यात जास्त आढळतो तो पीसीओएस, ज्याला आपल्याकडे अजूनही पीसीओडी म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘सिस्ट’ वाचून पोटात गाठी झाल्या म्हणून घाबरू नका. ती पूर्ण न पिकलेली छोटी बीजे असतात, कापून काढायच्या गाठी नव्हेत. पण नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान करू नये. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासल्याशिवाय तर नाहीच. साखरही पाहावी लागते. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के कमी झाल्यावर अनेकींची पाळी आपोआप मार्गावर येते. ७० किलोच्या बाईसाठी म्हणजे साडेतीन ते सात किलो. तरीही स्त्रीबीज तयार होत नसेल तर लेट्रोझोलसारखी गोळी असते, पण ती स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची, शेजारणीच्या चिठ्ठीवर नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. तेव्हापासून ‘मूल होत नाही’ म्हटले की लोकांना थेट आयव्हीएफ आणि लाखांचा खर्च आठवतो. केवळ स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही एवढीच अडचण असेल, तर बहुतेकींना तिथपर्यंत जावे लागत नाही.

आणि आता तो ड्युटीवर असलेला नवरा. पाळी अनियमित आहे म्हणजे दोष बाईचाच, हे घरात आधीच ठरलेले असते. पण एकाच जोडप्यात दोघांमध्येही अडचण असू शकते. वीर्य तपासणी स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही, फक्त आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. बाईची सोनोग्राफी तीनदा होते, नळ्यांची तपासणी होते, आणि पुरुषाची ही एक तपासणी दोन वर्षे लांबते. माझ्या मते ही पहिल्याच महिन्यात व्हायला हवी. दिवसाला चार-पाच खर्रे खाणाऱ्यांनो, तंबाखूचा परिणाम फक्त तोंडावर होतो असे समजू नका, वीर्यावरही होतो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत असाल तर आधी ते सांगा. त्याने शुक्रजंतू तयार होणेच थांबू शकते.

आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी हवी, सिकलसेलची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे दिवस राहण्याआधी कळलेले बरे.

नियमित पाळी असलेल्यांनी मूल राहण्यासाठी एक वर्ष वाट पाहायला हरकत नाही, पस्तिशीनंतर सहा महिने. पाळीच अनियमित असेल तर अजिबात थांबू नका. येताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून आणा, आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही आणा. आणि सासूबाई, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल, मुलाला आत पाठवा.