नाव तेच, वाट निराळी

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं हॉस्टेल जर्नल उतरवत असतं आणि मी ट्रेसिंग पेपरवर अमेरिकेतल्या गाड्यांचे जुने रूट उतरवत असते. रूममेट म्हणते, "अगं, तिकडे लोक विमानाने नाहीतर कारने फिरतात. मेलेल्या गाड्यांचं काय घेऊन बसलीस?" हा लेख म्हणजे तिला उत्तर.

'कॅलिफोर्निया झेफर'चंच बघा. १९४९ साली तीन कंपन्यांनी मिळून ही गाडी शिकागो ते ओकलंड सुरू केली. टाइमटेबल असं बेतलेलं, की रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी दिवसाउजेडी दिसावी. त्यासाठी डब्यांवर काचेचे घुमटसुद्धा होते. पण १९५६ च्या कायद्यानंतर हायवेचं जाळं पसरलं, जेट विमानं आली, १९६७ मध्ये पोस्टखात्याने बऱ्याच गाड्यांवरचं टपाल काढून घेतलं. १९७० मध्ये झेफर बंद पडली.

१९७१ च्या मे महिन्यात ॲमट्रॅक सुरू झालं. पण डेन्व्हरच्या पश्चिमेची रिओ ग्रांडे कंपनी त्यात सामील झाली नाही. म्हणून ॲमट्रॅकची गाडी वायोमिंगमधून जाऊ लागली. १९८३ मध्ये रिओ ग्रांडे तयार झाली, गाडी पुन्हा मोफॅट बोगद्यातून धावू लागली आणि तिला जुनं नाव परत मिळालं. सगळे खूश!

सगळे? ट्रेसिंग पेपर नकाशावर ठेवा म्हणजे कळेल. पुढे नेवाडा ओलांडल्यावर आजची झेफर रीनोवरून डॉनर खिंडीतून जाते. फेदर नदीकाठच्या पोर्टोला, ओरोव्हिलला ती जातच नाही. नाव परत आलं, वाट पूर्ण आली नाही. आणि वायोमिंग? तिथून १९९१ पासून 'पायोनियर' जायची, तीही १९९७ मध्ये बंद झाली. १८६९ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेचा एवढा मोठा टप्पा ज्या राज्यात आहे, तिथे आज ॲमट्रॅकची एकही गाडी नाही. रूळ शाबूत आहेत, मालगाड्या धडधडत जातात, फक्त माणसांसाठी गाडी नाही.

माझा मुद्दा एवढाच. आपल्याला परीक्षेत दोन टोकांमधला शॉर्टेस्ट पाथ काढायला सांगतात. पण लांब पल्ल्याच्या गाडीत बहुतेक जण टोकापासून टोकापर्यंत जात नाहीत, ते मधल्या स्टेशनांवर चढतात-उतरतात. शिकागोहून ओकलंडला जाणाऱ्याला विमान आहे. मधल्या गावातल्या, गाडी न चालवणाऱ्या आजीला काय आहे? रूममेटचं म्हणणं टोकांपुरतं खरं आहे, मधल्यांचा हिशोब तिने धरलेलाच नाही.

तोटा होतो हे मान्य. सगळ्या गाड्या परत आणा असं मी म्हणत नाही. पण एखादा रूट कापण्याआधी निदान त्यावरच्या मधल्या स्टेशनांची नावं कोणीतरी मोठ्याने वाचावीत. उद्या आपल्यातलंच कोणीतरी ड्रॉइंग बोर्डाशी बसून असली रेघ खोडणार आहे, म्हणून सांगतेय.

आता जर्नल कोणाचं पूर्ण आहे? द्या ना प्लीज!