वाफ्यात नुसतं खत नको

सिरसाळ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. परसात विटा रचून त्यांनी भाजीसाठी दोन फूट उंच वाफा केला आहे. आता तो काठोकाठ कंपोस्ट खतानं भरायचा बेत आहे. पण ट्रॉलीचा भाव ऐकून घरात कुरबूर सुरू झाली. "एवढा खर्च करावा का?" असं त्या विचारतात.

ट्रॉली सांगायच्या आधी विचारलंत हे बरं झालं. एवढं खत लागतच नाही. वरणाला फोडणी लागते म्हणून नुसती फोडणी कुणी वाटीत वाढतं का?

नुसत्या खताचा वाफा पहिला महिनाभर फार छान दिसतो. पण खताचं कुजणं आत चालूच राहतं, त्यामुळं तो हळूहळू खाली बसतो आणि रोपांची मुळं उघडी पडतात. नत्र जास्त झालं की वांग्याचं झाड हिरवंगार पसरतं, वांगी मात्र शोधावी लागतात. शिवाय असं खत एकदा खडखडीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी न शोषता कडेकडेनं निघून जातं. तुमच्या भागात हे कसं परवडणार? २०१५ साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीजकेंद्रसुद्धा बंद ठेवावं लागलं होतं. तिथं परसातल्या भाजीला पाणी मोजूनच मिळणार.

तेव्हा आपली काळी माती नावडती करू नका. पावसात ती चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, हे खरं. पण ओल धरून ठेवावी तर तिनंच. दोन घमेली मातीला एक घमेलं खत, एवढं प्रमाण पुरे. खतानं माती भुसभुशीत होते.

आणि दोन फूट उंची कशाला हवी? उंच वाफा लवकर वाळतो. वरचे थर उतरवून एक फूटच ठेवा. भरण्याआधी खालची जमीन कुदळीनं वीतभर खणून घ्या, म्हणजे वांगी-टोमॅटोची मुळं खाली जातील. वाफा सहा फूट लांब, तीन फूट रुंद असेल, तर सगळी मिळून ३५-३६ घमेली लागतील. त्यात खत फक्त १२ घमेली! हा हिशेब घरात ऐकवा, कुरबूर थांबेल.

खत मात्र पुरतं कुजलेलं हवं. अर्धकच्च्या शेणखतात उष्णता असते, रोपं करपतात. हुमणीच्या अळ्याही त्यातूनच येतात. तयार खत काळसर आणि मोकळं असतं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तरी शंका वाटली तर बशीत थोडं खत ओलं करून मेथीचे दहा-बारा दाणे पेरा. चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे नीट उगवले तर खुशाल वापरा. न उगवले तर ढीग अजून महिनाभर राहू द्या.

उतरवलेल्या विटा वाया जाणार नाहीत, बरं का. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत तुमच्या घरधन्यांना ठाऊक असेल. त्यांचं मूळ टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. घरासाठी तीन फूट लांबी-रुंदी पुष्कळ झाली. भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. आत भाजीची देठं, पालापाचोळा, सोयाबीनचं काड. त्यावर शेणाचा काला, त्यावर मातीचा पातळ थर, असं भरत जायचं. वर शेणमातीनं लिंपून अधूनमधून पाणी शिंपडायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार!

एक मात्र सांगून ठेवते. वीजकेंद्राची राख तिकडं वीटभट्ट्यांसाठी येते आणि कुणीतरी ती वाफ्यातही घाला म्हणेल. घालू नका. दगडी कोळशाच्या त्या राखेत शिसं, आर्सेनिक अशी द्रव्यं थोडीफार असतात, आणि आपल्याला भाजी खायची आहे. चुलीतल्या लाकडाची राख चिमूट-चिमूट चालेल.

पुढं दर हंगामाला वाफा थोडा बसेल. तेवढी दोन घमेली खत वरून पसरा आणि त्यावर उसाचं पाचट अंथरा. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी घाला, पाचट बाजूला सारून थेट बुंध्याशी.